वेताळाचा जांभळा आणि मामांची दोरी

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांतल्या एका रस्त्यावर, भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत, ऐंशीच्या दशकात भाड्यानं कॉमिक्स देणारं एक दुकान होतं. दोन फळ्या, वर ताडपत्री, पुढं ताणून बांधलेली सुतळी आणि सुतळीवर वाळत घातल्यासारखी टांगलेली कॉमिक्स. दिवसाला चार आणे. मालक भला माणूस, उधारीवरही पुस्तक द्यायचा. पण त्याची एक सवय मला आजही सलते. पुस्तक कुणी ढापू नये म्हणून तो कव्हरवर रबरी शिक्का मारायचा आणि तो नेमका नायकाच्या तोंडावर उमटायचा. शिवाय पानं सुटू नयेत म्हणून दाभणानं अशी जाड टीप घालायचा, की डावीकडचं दोन बोटं चित्र शिवणीत गडप व्हायचं. वेताळानं, म्हणजे फँटमनं, मानगूट कुणाची धरलीय, हे कित्येकदा कळायचंच नाही.

पूर्ण, कोरं कव्हर मी पहिल्यांदा बघितलं ते नांदेडला, मामांच्या ट्रंकेत.

मामा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठीवरची कमळं, तालमीच्या भिंतीवरचे मारुती, आणि निवडणूक आली की गावभरच्या भिंती. वजिराबादेत एका जिन्याखाली त्यांची खोली होती. आत पाय ठेवला की टर्पेंटाइनचा वास अंगावर यायचा. ट्रंकेत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा होता, एकेक अंक वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मामांनी त्यांतल्या गोष्टी फारशा वाचल्या नव्हत्या. ते कव्हरच बघायचे. कव्हरवर पेन्सिलीनं अर्ध्या इंचाचे चौकोन आखायचे, भिंतीवर गेरूत बुडवलेली दोरी ताणून फटकारायचे, तेवढीच घरं मोठी करून आखायचे आणि मग एकेक घर उचलून भिंतीवर न्यायचे. याला ते 'ग्राफ टाकणं' म्हणायचे. एका तालमीतल्या मारुतीच्या मांड्या त्यांनी वेताळाच्या कव्हरवरून उचलल्या होत्या. "अंगाची ठेवण त्यानं बरोबर धरलीय बघ," असं म्हणायचे. 'त्यानं' म्हणजे कुणी, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला ते कळायला पुढं वीस वर्षं गेली.

त्या हाताचं नाव गोविंद ब्राह्मणिया. बी. गोविंद म्हणूनही ते ओळखले जातात. टाइम्स ऑफ इंडियानं मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि १९९० पर्यंत आठशेच्या वर अंक काढले. आतल्या वेताळाच्या नि जादूगार मॅन्ड्रेकच्या चित्रकथा अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांसाठी काढलेल्या. त्या इथं पानांच्या हिशेबात बसवताना चौकटी कापल्या जात, इकडच्या तिकडं केल्या जात. कव्हरं मात्र इथली, ब्रशनं रंगवलेली, आणि त्यांतली कितीतरी गोविंदांची. पुढं १९७६ मध्ये आबिद सुरतींनी 'बहादूर' हा अस्सल देशी नायक लिहिला, तोही गोविंदांनीच काढला. केशरी कुडता, खाली जीन्स आणि समोर चंबळचे डाकू. लातूरच्या आमच्या शाळेतल्या निम्म्या पोरांना तसला कुडता पाहिजे होता.

मामांची एक कसोटी होती आणि मी ती आजतागायत वापरतो. कव्हर हातात घ्यायचं, वरच्या नावावर तळहात ठेवायचा आणि फक्त चित्र बघायचं. नाव झाकल्यावरही 'पुढं काय झालं असेल' असं मनात आलं, तर कव्हर जमलं. नायक नुसता उभा दिसला, तर ते कॅलेंडर.

वेताळाच्या जांभळ्या रंगाची गोष्ट मला पुढं कळली, तेव्हा मामा हयात असायला हवे होते असं फार वाटलं. ली फॉकनं १९३६ मध्ये हा नायक वर्तमानपत्राच्या रोजच्या काळ्यापांढऱ्या पट्टीत आणला. त्याच्या मनातला पोशाख करड्या रंगाचा होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली आणि छापून आला तो जांभळा वेताळ. जंगलात लपणाऱ्या माणसाला हा रंग कोण देईल? पण वाचकांनी तो उचलला आणि मग बदलणं शक्यच उरलं नाही. स्वीडनमध्ये तोच वेताळ निळा आहे, इटलीत लाल. मी आता नांदेडला पुस्तकांची नि दिवाळी अंकांची मुखपृष्ठं करतो आणि रोज छापखान्यात उभा असतो, त्यामुळं याचं मला नवल वाटत नाही. जांभळा हा छपाईतला सगळ्यांत हट्टी रंग. मजेंटा थोडा चढला की वांगं, निळा चढला की शाई. त्यात रजिस्ट्रेशन हललं, की नायकाच्या अंगाबाहेर लाल कड सुटते. स्वस्त कागदावर तो रंग अंकामागून अंक धरून ठेवणाऱ्या मशीनवरच्या माणसांना माझा नमस्कार आहे.

नावाचाही एक किस्सा आहे, पण तो आमच्या घरातला. इंग्रजीतला फँटम मराठीत 'वेताळ' झाला. अनुवाद करणाऱ्याला तेव्हा काय वाटलं असेल ते असो, पण औशाजवळच्या आमच्या खेड्यात वेताळ म्हणजे भुतांचा राजा. शिवेबाहेर त्याचा शेंदूर फासलेला धोंडा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अंक घेऊन गेलो, तर आजीनं तो दाराबाहेरच ठेवायला लावला. "अवसेच्या तोंडावर वेताळ घरात आणतोस व्हय रं?" दोन दिवस अंक ओसरीवरच्या कोनाड्यात पडून राहिला. तिसऱ्या दिवशी आजीनं स्वतःच विचारलं, "कवटीच्या गुहेत राहतो म्हणतोस, मग त्याला बायको हाय का?" मी वाचून दाखवलं. बापामागून मुलगा अशी एकवीस पिढ्यांची शपथ आहे, लोकांना वाटतं हा मरतच नाही, हे ऐकल्यावर ती म्हणाली, "मग बरोबर हाय. वेताळच हाय त्यो." इतकं चपखल नामकरण मी दुसऱ्या कुठल्या अनुवादात पाहिलेलं नाही.

नांदेडच्या वाचकानं मुद्दाम लक्षात ठेवावी अशीही एक गोष्ट त्या संपादकांनी केली होती. मूळ गोष्टीतल्या समुद्री चाच्यांच्या टोळीचं नाव 'सिंग ब्रदरहूड', आणि वेताळाच्या बापाचा खुनी रामा. इंद्रजालमध्ये टोळी 'सिंगा' झाली आणि खुनी 'रामालू'. वेताळाचा देश मुळात बंगालशी मिळत्याजुळत्या नावाचा होता, तो झाला 'डेंकाली'. इथल्या वाचकाला आपल्याच माणसांच्या नावाचा खलनायक दिसू नये एवढ्यासाठी हे केलेलं. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या गावात, जिथं माझ्या दोस्ताचं आडनावच सिंग होतं, तिथं या एका अक्षराच्या कान्याचं मोल किती, हे मला सांगायची गरज नाही. आम्ही दोघांनी तो अंक एकत्र वाचला आणि आमच्यात कुठलाच किंतू आला नाही. संपादनाचं काम असं दिसत नाही म्हणूनच चांगलं असतं.

कव्हर आधी की गोष्ट आधी? बाहेरच्या माणसाला वाटतं गोष्ट लिहिली जाते, मग चित्रकार ती वाचून कव्हर काढतो. अमेरिकेत डीसी कॉमिक्सचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ बऱ्याचदा उलट करायचे. चित्रकार कार्माइन इन्फँटिनो एखादं चक्रावून टाकणारं कव्हर आणून देत आणि मग त्या चित्रातून सुटका कशी करायची, याची गोष्ट लेखक रचत. १९६६ चा 'फ्लॅश'चा एक अंक तर असा, की कव्हरवर नायक हात पुढं करून वाचकालाच अडवतो आणि विनवतो, हा अंक टाळू नका, माझा जीव त्यावर अवलंबून आहे. गोरिलाचं प्रकरणही श्वार्ट्झच सांगत. १९५१ मध्ये एका अंकाच्या कव्हरवर गोरिला आला, अंक धडाधड खपला, मग प्रत्येक संपादकाला आपल्या कव्हरवर गोरिला पाहिजे झाला. शेवटी वरून हुकूम निघाला: महिन्याला एकच गोरिला. मला यात त्या काळची रग दिसते. ही माणसं कव्हरवर पैज लावत आणि मग आतली पानं त्या पैजेला जागत.

आजचं कव्हरसुद्धा गोष्टीच्या आधीच तयार होतं, पण कारण वेगळं. दुकानदारांना दोन-तीन महिने आधी मागणी नोंदवावी लागते, त्यासाठी कव्हर दाखवावं लागतं, आणि तोवर आतला अंक पुष्कळदा पुरा झालेला नसतो. चित्रकाराला दोन ओळींचा सारांश मिळतो. तो बिचारा काय करणार? नायकाला छाती काढून उभा करतो. मामांच्या भाषेत, कॅलेंडर.

आता आमच्याकडचं सांगतो, कारण ते मला जास्त जवळचं आहे. १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सचा नागराज आला. हिरवं अंग, त्यावर खवले आणि मनगटातून सुटणारे साप. पुढच्याच वर्षी अनुपम सिन्हांचा सुपर कमांडो ध्रुव, आणि नव्वदच्या दशकात डोगा, तो तर मुंबईचा. हे सगळं हिंदीत. नांदेडला हिंदी परकी नाही. मामांच्या गल्लीत उर्दू शाळेत जाणारी पोरं होती, त्यांना देवनागरी सराईतपणे वाचता यायची नाही. मी मोठ्यानं वाचायचो आणि ती लगेच दखनीत पुढची गोष्ट लढवायची. एक अंक, पाच डोकी, दोन लिप्या.

पण त्या हिंदी नागराजला शरीर दिलं मराठी माणसांनी. पुण्याचे प्रताप मुळीक, शिवाय संजय अष्टपुरे. श्रेयनामावलीत इंकिंगला विठ्ठल कांबळे. मुळीक अमर चित्रकथेत तयार झालेले. राम, कृष्ण, अर्जुन काढून काढून त्यांच्या हाताला पुराणातल्या पुरुषाची ठेवण बसली होती. त्यांचा नागराज नीट बघा. तो अमेरिकन नायकासारखा दात-ओठ खात नाही. एक पाय पुढं, खांदे सैल आणि चेहरा शांत. जणू आत्ताच कुठल्यातरी लेण्यातून उठून आलाय. ऐंशीच्या दशकात अमिताभ बच्चनला नायक करून 'सुप्रीमो' नावाची कॉमिक्स निघाली, तीही मुळीकांनीच काढली. म्हणजे लातूरचा पोरगा ज्या नागराजसाठी बसस्टँडवर दोन तास उभा राहायचा, तो पुण्यात एका मराठी चित्रकाराच्या टेबलावर जन्मलेला होता, दिल्लीला छापला जात होता आणि आमच्यापर्यंत हिंदी बोलत येत होता. मराठीत का नाही, हा प्रश्न तेव्हा आम्हांला पडलाच नाही. तो पडायला हवा होता.

कारण मुखवटाधारी नायक मराठीला नवा नव्हता. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांतले काळापहाड आणि झुंजार वाड्यावाड्यांतून वाचले जात. त्या पुस्तकांची मुखपृष्ठं रघुवीर मुळगावकरांसारख्या चित्रकारानं रंगवलेली. लेखक होता, चित्रकार होता, वाचक तर पुष्कळ. त्याची पुढं चित्रकथा करणारा प्रकाशक मात्र उभा राहिला नाही. मराठी सुपरहिरो कॉमिक्सचं सगळं दुःख मला या एका वाक्यात दिसतं.

माझा भाचा लातूरला शिकतो. बहिणीचा मुलगा, नीटची तयारी, लातूर पॅटर्न, पहाटे पाचला क्लास. त्याच्या खोलीच्या भिंतीवर एका बाजूला शरीरशास्त्राचे तक्ते आणि दुसऱ्या बाजूला बॅटमॅन. मागच्या खेपेला गेलो तर पोरगं मोबाइलवर कव्हरं सरकवत बसलेलं.

"काय बघायलास रे?"

"मामा, एकाच अंकाची ही सगळी कव्हरं. तुम्हीच सांगा, कोणतं भारी?"

एकाच अंकाची पंधरा-वीस कव्हरं! आत गोष्ट तीच, एक अक्षर वेगळं नाही. या प्रकाराची सुरुवात १९८६ च्या 'मॅन ऑफ स्टील'पासून धरतात, तेव्हा दोन कव्हरं होती. १९९१ मध्ये 'एक्स-मेन'चा पहिला अंक पाच कव्हरांनी निघाला आणि ऐंशी लाखांच्या वर प्रती गेल्या. काही लोकांनी पाचही घेतल्या आणि न उघडता पेटीत ठेवल्या. आता तर 'पंचवीसला एक' अशी कव्हरं निघतात. दुकानदारानं साध्या कव्हराच्या पंचवीस प्रती घेतल्या तर हे खास कव्हर एक मिळणार, आणि न खपलेल्या प्रती बहुतेक त्याच्याच गळ्यात. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. युरियाचं पोतं पाहिजे तर नको असलेली बाटलीही घ्या, याला आपण लिंकिंग म्हणतो. कॉमिक्समध्ये मी त्याचा तितकाच मनापासून निषेध करतो. कव्हर हे गोष्टीचं दार असतं. वीस दारं लावून घर मोठं होत नाही, आणि चार-पाच डॉलर म्हणजे साडेतीनशे ते साडेचारशे रुपये मोजून अंक घेणाऱ्या पोराला तर ते परवडतच नाही.

मी भाच्याला मामांची कसोटी शिकवली. तळहात नावावर. मोबाइलच्या काचेवर एक बोट पुरलं.

पहिली दहा कव्हरं गेली. संगणकावर रंगवलेली, प्रत्येक स्नायूवर चकाकी, पाठीमागून झगमगाट, आणि नायक आपल्याकडं बघतोय. काम सफाईचं, यात वाद नाही. पण कुणी कुणाला मारत नाही, वाचवत नाही, कशाला घाबरत नाही. मग जपानी चित्रकार पीच मोमोको यांचं एक आलं. जलरंगाचे ओघळ तसेच ठेवलेले, आणि नाव झाकूनही बघणारा थांबतो. पास. मग 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन'. हा ऑक्टोबर २०२४ पासून निघतोय, लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रॅगोटा. यातला ब्रूस वेन श्रीमंत नाही, त्याची आई जिवंत आहे, आणि छातीवरचं वटवाघूळ एवढं मोठं नि ठोकळ्यासारखं, की ते उपसून तो त्याचीच कुऱ्हाड करतो. कव्हरवर नुसती काळी आकृती ठेवा, तरी ओळखू येते. मामांनी याचा ग्राफ पाच मिनिटांत टाकला असता. गेल्या काही वर्षांतलं माझ्या मते हे सर्वांत दणकट रेखन. जोनाथन हिकमन आणि मार्को केकेत्तो यांचा २०२४ चा 'अल्टिमेट स्पायडरमॅन'ही मला आवडला, कारण त्यात पीटरला बायको आहे, दोन मुलं आहेत आणि जबाबदारी अंगावर पडल्यावर हा माणूस कसा दिसतो ते चेहऱ्यावर काढलंय.

भाच्याचा आवडता मात्र पवित्र प्रभाकर. हा आपला स्पायडरमॅन २००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी आणला. मुंबईचा पोरगा, माया मावशी, भीम काका, आणि कमरेखाली धोतरासारखा सोगा. तेव्हा चारच अंक निघाले. 'पीटर पार्कर'च्या नादावर नाव जुळवलेलं. आमच्याकडं प्रभाकर हे आडनाव नसतं, नाव असतं. माझ्या वर्गातच तीन प्रभाकर होते. तरी तो परका वाटला नाही. २०२३ मध्ये 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या चित्रपटात तो पडद्यावर आला आणि तो चित्रपट भारतात दहा भाषांत लागला, त्यांत मराठी होती. स्पायडरमॅन मराठीत बोलला! माझा आनंद मी लपवत नाही. पण त्याच पवित्र प्रभाकरचा मराठी अंक कुठल्या स्टॉलवर मागावा, तर तो मात्र नाही.

आणि हात तर आजही आपलेच आहेत. मुंबईचे आनंद राधाकृष्णन यांना 'ब्लू इन ग्रीन'च्या चित्रांसाठी २०२१ चं आयस्नर पारितोषिक मिळालं, रंगकार जॉन पिअरसन यांच्यासह. कॉमिक्सच्या जगात याहून मोठा मान नाही. ते पुस्तक लिहिणारे राम व्ही यांनी पुढं बॅटमॅनचं 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' लिहिलं. त्यांच्या 'स्वॅम्प थिंग'मधली अक्षरं बसवली आदित्य बिडीकर यांनी. अक्षरकाराचं काम वाचकाला कधीच दिसत नाही. कुणाचा फुगा आधी वाचला जाईल, कुठं श्वास घ्यायचा, चित्रातला कुठला कोपरा शब्दांनी झाकला तर चालेल, हे सगळं त्याच्या हाती. मी मुखपृष्ठावर लेखकाचं नाव बसवताना अर्धा दिवस घालवतो, तेव्हा पानापानाला फुगे बसवणाऱ्याविषयी मला काय वाटत असेल, ते सांगायला नको.

आमच्या धंद्यातला एक अनुभव सांगतो. एका दिवाळी अंकासाठी मी पावसाच्या वाटेकडं डोळे लावून बसलेली म्हातारी रंगवली होती, ब्रशनं, अकरा दिवस. अंक छापून आला तेव्हा तिच्या डोळ्यांवर जाहिरातीची पट्टी होती आणि आतल्या पानावर मुखपृष्ठकाराचं नाव नव्हतं. मी भांडलो नाही. ट्रंक उघडून मामांचे अंक काढून बसलो. त्यांनाही चित्रकाराचं नाव कधी सापडलं नव्हतं.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. नांदेड-लातूरच्या कितीतरी घरांत अजून माळ्यावर मराठी इंद्रजालचे गठ्ठे पडून असतील. किलोच्या भावानं रद्दीत घालू नका. खाली काढा, धूळ झटका, दोन दिवस सावलीत ठेवा. पहिल्या पानावर, कव्हरच्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव किंवा सही दिसते का ते शोधा आणि दिसली तर पोरांना मोठ्यानं वाचून दाखवा. कव्हर फाडून कुणी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं असेल, तर तेही हळूच ओलं करून सोडवा आणि त्याच्या अंकाला परत जोडा.